ज्याची पट्टी त्याची खुर्ची

खुर्ची मोडली, कारकून फरशीवर आडवा झाला आणि समोर बसलेले प्रेक्षक पोट धरून हसले.

“झकास!” फ्लोअर मॅनेजर ओरडला. “चला, जेवणाची सुट्टी!”

कारकून ढुंगण चोळत उठला. मालिकेत तो कारकूनच होता. ऑफिसात कुणी विचारत नाही असा, एकटा डबा खाणारा, नको तिथे हसणारा. लोकांना जाम आवडायचा. सेटवर पण सगळे त्याला कारकूनच म्हणायचे. आणि सेटवर पण तो एकटाच डबा खायचा. त्यावर मात्र कुणी हसायचं नाही.

“मोजे बघा याचे!” कपडे सांभाळणाऱ्या मावशी जाता जाता म्हणाल्या. “आज परत दोन रंगांचे. घरी पण कारकूनच आहेस का रे?”

त्याने खाली बघितलं. मोजे चांगले एका जोडीचे होते. पण टोमणा मारायला काही ना काही लागतंच ना माणसाला.

तो डबा घ्यायला वळला. बोलायला गेला की जीभ टाळ्याला चिकटायची. डोक्यात उत्तर यायचं, तेही रात्री झोपताना.

आज सकाळी निर्मात्याने विचारलं होतं, “पुढचे भाग करणार ना? संध्याकाळपर्यंत सांग.” कारकुनाचं ठरलेलं होतं. नाही करणार. कॅमेऱ्यासमोर एकटं पडायचं, आणि कॅमेरा बंद झाला तरी तेच. मग घरी काय वाईट होतं?

पण शेपूट घालून जायचं नव्हतं. जायच्या आधी एकदा जेवणाच्या टेबलापाशी त्या रिकाम्या खुर्चीत बसायचं होतं.

त्या सेटवर सगळा कारभार चिकटपट्टीचा. कुणी कुठे उभं राहायचं ते जमिनीवर पट्टी मारून ठरवलेलं. मालिकेतल्या साहेबाची निळी, टायपिस्टची पिवळी, कारकुनाची हिरवी. आणि ज्याला कुणीच हात लावायचा नाही, त्याच्यावर लाल. पहिल्याच आठवड्यात कारकून गडबडीत लाल पट्टीवर जाऊन उभा राहिला होता, आणि फ्लोअर मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याची सालटी काढली होती. “डोळे फुटले का तुझे?” तेव्हापासून तो पट्ट्यांकडे बघायचाच नाही. दारापासून लाद्या मोजायचा आणि बरोबर जागेवर उभा राहायचा.

जेवणाच्या टेबलालाही तोच कायदा. ज्याची पट्टी त्याची खुर्ची. या, बसा, असं कुणी कुणाला म्हणत नाही. पट्टी बघायची आणि बसायचं. दोन महिन्यांपूर्वी तो डबा घेऊन पहिल्यांदा तिथे गेला. निळी होती, पिवळी होती, मावशींची पांढरी होती. आणि एक खुर्ची रिकामी. तिच्या पाठीवर लाल.

समजलं. तोंडाने नाही म्हणायचीही तसदी नाही. त्याने डबा उचलला आणि जिन्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम डोकावला. खुर्ची तशीच, पट्टी तशीच. मग डोकावणं पण सोडलं.

आज तो जिन्यापाशी थांबलाच नाही. सरळ खोलीत शिरला. साहेब घास घेत होता, टायपिस्ट काहीतरी सांगून हसत होती. त्याला बघून दोघं थांबले. मावशींचा हात डब्यावरच राहिला.

कारकून खुर्चीपाशी गेला. पट्टीला नख लावलं आणि टर्रकन ओढून काढली.

“अरे, अरे!” टायपिस्ट ओरडली. “काय करतोयस?”

“बसतोय.” आणि बसला. डबा टेबलावर आपटला. “काय करायचं ते करा. उद्यापासून येणार नाही मी, पण आजचा डबा इथेच खाणार.”

“झालं काय तुला?” साहेब म्हणाला.

“मला काय व्हायचंय? तुम्हालाच झालंय. एक खुर्ची रिकामी असते, पण माणूस जिन्यावर बसलेला चालतो. कॅमेऱ्यासमोर मी तुमचा जोकर, ते ठीक. त्याचे पैसे मिळतात. इथे फुकट नाही होणार.”

एवढं तो आयुष्यात एका दमात बोलला नव्हता. कान तापले होते. पण थांबावंसं वाटेना.

साहेबाने हातातला घास परत डब्यात ठेवला.

“झालं बोलून? आता माझं ऐक. भाव कोण खातंय? दोन महिने आम्ही बघतोय. तू दारातून डोकावतोस, नाक मुरडतोस आणि जातोस. टायपिस्ट तर म्हणाली, याला आपल्यात बसायची लाज वाटते, कशाला मागे लागायचं.”

“म्हणाले मी,” टायपिस्ट म्हणाली. “आणि परत म्हणेन. आपली खुर्ची सोडून जिन्यावर बसतं का कुणी?”

“आपली खुर्ची?” कारकून ताडकन उठला. मुठीतली चुरगळलेली पट्टी त्याने टेबलावर फेकली. “लाल पट्टी मारलेली खुर्ची आपली असते काय?”

साहेबाने टायपिस्टकडे बघितलं. टायपिस्टने पट्टीकडे बघितलं.

मावशी उठल्या. त्यांनी पट्टी उचलली, दोन बोटांनी हळूहळू सरळ केली. मग वाकून त्याच्या मोज्यांकडे बघितलं, आधी लाल मोज्याकडे, मग हिरव्या. आणि ती पट्टी त्यांनी त्याच्या शर्टावर, छातीपाशी चिकटवली.

“बस बाळा, जेव,” त्या म्हणाल्या. “हिरवी आहे ही.”