गंजलेला पिस्टन

आईच्या दफनासाठी हार्जोनो पहाटेच निघाला होता. वोनोसोबोच्या घाटात जुन्या गाडीच्या पुढच्या चाकातून जळकट वास आला. रस्त्याकडेच्या गॅरेजात म्हाताऱ्या सुकिर्नोने जॅक लावून चाक फिरवलं, ते हललं नाही. "ब्रेकचा कॅलिपर जाम झालाय. पिस्टन गंजलाय, ब्रेक सुटतच नाही." "तसाच जाऊ का, काका?" "उतारावर मरशील. आत बस, ब्रेक दाबत राहा, पिस्टन बाहेर ढकलू." हार्जोनो दाबत राहिला. तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, आभाळ भरलंय. कबरीत पाणी भरेल, सगळे म्हणतात, उरकून घेऊ." "मग थांबू नका," हार्जोनो म्हणाला. "माझ्या वाटची मूठभर माती तूच टाक." त्याचा पाय ब्रेकवरच होता. बाहेरून सुकिर्नोची हाक आली, "निघाला रे पिस्टन. गंज घासतो, तासाभरात सुटशील." "सावकाश घासा, काका," हार्जोनो म्हणाला. "आता घाई नाही."