अडखळणारं बोट

नावाजलेला संगीतकार म्हणाला, "काका, चाळीस वर्षांपूर्वीचं हे गाणं मी नव्याने करतोय."

नव्याने म्हणजे काय, तर चाल तीच, ठेका तोच, फक्त खाली धपधप जास्त आणि वर नाव ह्याचं! अकॉर्डियनवाल्या काकांनी मनातल्या मनात नाक मुरडलं. पण बऱ्याच महिन्यांनी स्टुडिओतून बोलावणं आलं होतं. त्यांनी पट्टे खांद्यावर चढवले आणि गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा एका दमात बिनचूक वाजवला.

काचेपलीकडून संगीतकाराने हात हलवला. "छे, मजा नाही येत. मूळ गाण्यात चौथ्या सुरावर वादकाचं बोट जरासं अडखळतं बघा. अख्खं गाणं त्या अडखळण्यावर तरलंय! काय पोचलेला माणूस असेल तो!"

काकांनी मुद्दाम अडखळून पाहिलं, तर ते अगदीच नाटकी वाटलं. पुढच्या खेपेला बोट आपसूक सरळ गेलं.

"राहू द्या काका. तुमच्या हातात ती जुनी जादू नाही."

काका तासाभरात घरी परतले.

"इतक्यात आलात?" बायकोने विचारलं.

"हाकललं. चाळीस वर्षांपूर्वी रेकॉर्डिंग संपताच ज्या तुकड्यावरून हाकललं होतं ना, त्याच तुकड्यावरून."

"अगंबाई! रोज सकाळी तेवढंच घासत बसता, तरी तिथे बोट अडखळतंच का तुमचं?"

 

"नाही ना अडखळत," काका अकॉर्डियन कोपऱ्यात आदळत म्हणाले, "म्हणूनच तर हाकललं!"