निळ्या दारासमोरची खुर्ची

प्रियामोकाकांनी दारासमोरची खुर्ची उचलली, घरात आणली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

“अरे, आठ तरी वाजू दे,” त्यांची बहीण बोनारिया चुलीपाशून म्हणाली. “सायकलवाले यायचेत अजून.”

“येऊ देत. कुठल्या तोंडाने बसू मी तिथे?”

झालं होतं ते असं. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून काका नुकतेच ओरिस्तानोच्या इस्पितळातून घरी आले होते. आज सकाळी उठले ते थेट समुद्राकाठचा रस्ता बघायला गेले. सहा वर्षांत धड पाहिला नव्हता ना! आणि बघतात तर काय, रस्ताच नाही. पाचशे पावलांवर कडा ढासळलेला, खाली समुद्र, आणि अलीकडे शेजारच्या कोलुम्बूने कुंपण घालून डुकरं पाळलेली. पाच हिवाळ्यांपूर्वी दरड कोसळली तेव्हा अख्ख्या गावाने त्यांना सांगितलं होतं. काकांनी मनावर घेतलं नव्हतं. “माझ्या बापाने बांधलेला रस्ता पडेल होय? जळतात लेकाचे!” एवढं बोलून ते मोकळे झाले होते.

आणि असं असताना काका रोज या खुर्चीत बसून परक्या माणसांना तोच रस्ता दाखवत होते!

गेले तीन उन्हाळे सायकलवाल्यांची रीघ लागली होती. बॅगा मोटारीने पुढच्या गावी, बोसाला, जायच्या, आणि ही माणसं वाटाड्या न घेता, सहल कंपनीने दिलेला कागद वाचत, आपली आपण बेटाच्या कडेने निघायची. काकांच्या घराशी रस्ता फुटायचा: डावीकडे समुद्राकाठचा, उजवीकडे पुलाचा. तिथे ती थबकायची. कागदाकडे बघायची, काकांकडे बघायची. मग काका काठी उचलून डावीकडे दाखवायचे. “बोसाला ना? हा असा! समुद्राच्या कडेकडेने!” माणसं छान हसायची, हात हलवायची आणि निघायची. दहा पावलांपुढे काकांना सगळं दुधात बुडाल्यासारखंच दिसायचं. पण आपण ऐंशीव्या वर्षीसुद्धा कुणाच्या तरी उपयोगी पडतो, या विचाराने त्यांना दुपारची झोप गाढ लागायची.

“तीन उन्हाळे, बोनारिया! किती माणसं डुकरांत घातली मी!”

“कुणी परत येऊन भांडलं का तुझ्याशी?”

“बाहेरची माणसं. सभ्य असतात. चिखल पुसत गुमान जात असतील. जन्मात कुणाला खोटा रस्ता दाखवला नाही गं मी. आता गाव काय म्हणेल?”

“गाव म्हणायचं ते म्हणून बसलंय. ऊठ, खुर्ची बाहेर घे आणि उजवीकडे दाखव. तेवढंच पाप फिटेल.”

हे काकांना पटलं. ते पुन्हा दारात जाऊन बसले. पंधरा मिनिटांत एक जोडपं उतारावरून आलं. थांबलं. कागदाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काकांनी काठी उचलली आणि अगदी ठासून, पुलाच्या रस्त्याकडे, उजवीकडे दाखवलं.

दोघं छान हसली, हात हलवला आणि डावीकडे वळली.

“अहो! अहो, तिकडे नाही!” काका ताडकन उठले. पण त्यांचं ऐकायला कोण होतं? मागून तिघी आल्या. काकांनी काठीबरोबर दुसरा हातही उजवीकडे केला. तिघींनी गोड हसून मान लववली आणि सुसाट डावीकडे गेल्या. थोड्याच वेळात कड्याच्या बाजूने डुकरांची किंकाळी ऐकू आली, आणि पाठोपाठ कोलुम्बूच्या शिव्या.

त्या तिघींतली एक सायकल ढकलत परत आली. गुडघ्यापर्यंत चिखल. इटालियन मोडकंतोडकं बोलायची, पण राग चांगला अस्खलित होता.

“आजोबा, आज तुम्ही बरोबर का दाखवलंत?”

“म्हणजे?”

तिने कागद पुढे केला आणि एकेक ओळीवर बोट ठेवत अर्थ सांगितला: निळं दार. दारात एक आजोबा असतील. ते जिकडे हात करतील, त्याच्या नेमकं उलट वळा. माणूस फार प्रेमळ आहे, हसून आभार मानायला विसरू नका.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. आत बोनारियाने तोंडाला पदर लावावा तसा टॉवेल लावला होता, पण खांदे हलत होते.

“बाई, आता मला दिसतं!” काका कळवळून म्हणाले. “दोन्ही डोळ्यांनी!”

“ते कागदाला कुठे माहीत? हंगामभराचे छापून झालेत,” ती म्हणाली. तेवढ्यात तिने वर बघितलं. “आले बघा आणखी.”

उतारावरून चौघं येत होती. पुढच्याने कागद काढला होता. कड्याच्या बाजूला कोलुम्बू अजून ओरडतच होता.

“मी जाणूनबुजून खोटं दाखवू? या वयात?”

“नको दाखवूस,” बोनारिया आतून म्हणाली. “जाऊ देत चौघं डुकरांत. तुझं नाव स्वच्छ राहू दे म्हणजे झालं.”

चौघं थांबली. कागदाकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काकांनी काठी उचलून डावीकडे केली, आणि सगळं लख्ख दिसत असताना, ऐंशी वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसांना धडधडीत खोटा रस्ता दाखवून बिनचूक बोसाला धाडलं.