नाताळचं जेवण कुणाकडे?

"फादरांना जेवायला सांग गं," चर्चमधल्या नाताळच्या मिस्सानंतर सासूबाई म्हणाल्या. मी बाळाचं टोपडं बांधत हसले. "आई, त्यांना काय घरांची कमी?"

दुपारी केक घेऊन त्यांच्या घरी गेले, तर मधुमेही म्हातारे फादर स्वयंपाकघरात घामाने भिजून फरशीवर पडलेले. मी किंचाळले. माणसं धावली, साखरपाणी पाजलं. "आम्हाला वाटलं, तुमच्याकडे जेवले," जो तो दुसऱ्याला म्हणत होता.

जरा सावरल्यावर फादर पुटपुटले, "दर नाताळला असंच होतं, बाय, कुणीच बोलावत नाही. यंदा तरी कोणी बोलावेल म्हणून जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून वाट बघत बसलो."

घरदार सोडून धर्मसंघात गेलेला माणूस. माझं लग्न त्यांनीच लावलं, बाळाला बाप्तिस्माही दिला. तुमच्या फादरांकडे आज कोण गेलंय? आत्ताच बघून या.