पायथ्यावरून दिसलेले पत्रे

एकाहत्तर सालचं ठकूबाईंचं पत्र मी बारा वर्षं उत्तराविना ठेवलं. “सायब, छप्पर मागितलं तर कचेरीत तुमची सही दावत्यात, घर पूर्ण हाय म्हणत्यात. पोरं म्हशींच्यात निजत्यात.” त्याआधी डोंगरावरच्या त्यांच्या धनगरवाड्यावरच्या सरकारी घरांची तपासणी माझ्याकडे होती. चढ बघून मी पायथ्यालाच थांबलो. वर छपरांचे नवे पत्रे चमकत होते, एकावर निळा रंग सांडला होता. बांधकामाचा मुकादम म्हणाला, “दिसत्यात न्हवं? मग कशाला गुडघं झिजवताय, सायब?” मी सही केली. आठवड्याने पुढच्या वाड्यावर तोच निळा डाग दिसला. ठकूबाईंचे पत्रे मुकादमाने तिथे नेले होते. नोकरीच्या भीतीने गप्प राहिलो. आज, निवृत्त झाल्यावर, ठकूबाईंना लिहिलं, “घर मी पाहिलंच नव्हतं. हे कचेरीत दाखवा.” कोल्हापूरच्या पोस्टातला कारकून पत्ता वाचून म्हणाला, “आजोबा, पोस्टमन तिथं चढत न्हाय. पायथ्याच्या दुकानात ठेवतोय.” मी तरीही पाकीट पेटीत टाकलं.