कपडेपटातला कोट

वाफेच्या इस्त्रीखाली पांढरा कोट हळूच फुगायचा, जणू आत कुणी श्वास घेतंय. स्टुडिओच्या कपडेपटात मालिकेतला डॉक्टर असो की रोज सकाळी आहार सांगणारे ते डॉक्टर, कोट हाच. तुटलेली बटणंही मीच लावायची.

तरी त्यांनी टीव्हीवर "शुगरच्या गोळ्या बंद करा, दुधीचा रस प्या" म्हटलं आणि घरी ह्यांच्या गोळ्या मीच फडताळात टाकल्या. इतकी मी खुळी!

आज कोर्टाच्या आदेशाने ते साध्या शर्टात कॅमेऱ्यासमोर बसले. "मी डॉक्टर नाही," एवढं वाचलं आणि निघून गेले. कोट मी धुवायला घरी आणला.

महिनाभर ह्यांच्या पायाची जखम भरत नव्हती, नजर धुरकटली होती. मी कोर्टाचं सगळं सांगितलं, तरी हे गोळी घेईनात. "डॉक्टर नको म्हणालेत ना?"

मी तो कोट अंगात घातला. खिडकीतल्या उन्हात तो ढगासारखा उजळला.

"आता मी सांगते. गोळी घ्या, आणि उद्या दवाखान्यात चला."

ह्यांनी कोटाकडे नीट पाहिलं. मग "बरं, डॉक्टर," म्हणत गोळीसाठी हात पुढे केला.