बदकवाला गुप्तहेर

"चौदा वर्षांची घोडी झालीस आणि बदकाला घेऊन चोर शोधणाऱ्या म्हाताऱ्याच्या गोष्टी वाचतेस? आण ते सगळं इकडे. रविवारी रद्दीवाल्याच्या तराजूत घालते," आत्या कडाडली.

भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अकरा जुनी पुस्तकं म्हणजे तिचा जीव की प्राण! पण आधी पुरावा बघायचा आणि मगच तोंड उघडायचं, हे त्या बदकवाल्यानेच तिला शिकवलं होतं. गेल्या महिन्यात जप्त होऊन परत आलेल्या पुस्तकात तिला आत्याची एक केसपिन सापडली होती. तिने दहा मिनिटं मागून घेतली, खोलीचं दार लावलं आणि मग अकराही पुस्तकं निमूटपणे आत्याच्या हवाली केली. आत्याने ती आपल्या कपाटात कोंडली. त्या दिवसापासून रोज दुपारी आत्याचं डोकं दुखू लागलं आणि तिच्या खोलीला आतून कडी लागू लागली.

रविवारी रद्दीवाला आला. आत्याने त्याला दारातूनच पिटाळलं आणि ती तणतणत भाचीसमोर येऊन उभी राहिली.



"भवाने, सगळ्या पुस्तकांची शेवटची पानं कुठे लपवलीस? घड्याळ माळ्याने चोरलं की डॉक्टरने, ते सांग आधी!"